एक्सेलची फाइल खरंच बंद झाली का? बिफोरक्लोजच्या पुढचं थोडं

एक्सेलची फाइल बंद होताना काही काम आपोआप व्हावं असं वाटलं, की पहिल्यांदा हाती लागतो तो वर्कबुक_बिफोरक्लोज हा इव्हेंट, म्हणजे काही घडताना एक्सेल आपला कोड आपोआप चालवतं ती जागा. त्यात कोड लिहिला, दोनदा फाइल बंद करून पाहिली, काम झालं. घोटाळा नंतर कधीतरी कळतो, कारण या इव्हेंटच्या नावातलं ‘बिफोर’ शब्दशः खरं आहे. फाइल बंद करायची इच्छा कोणीतरी दाखवली, एवढंच तो सांगतो. ती बंद झाली का, हे त्यालाही ठाऊक नसतं.

एक साधं उदाहरण घेऊ. सोसायटीच्या पावत्यांची फाइल आहे. ती उघडली की कंट्रोल+शिफ्ट+पी दाबल्यावर पावती छापणारा मॅक्रो चालतो. ही सोय ॲप्लिकेशन.ऑनकी वापरून केलेली. फाइल बंद होताना ती जोडणी काढून टाकायची आणि एका मजकूर फाइलीत बंद केल्याची वेळ लिहायची. दोन्ही कामं बिफोरक्लोजमध्ये टाकली. आता खजिनदार वरच्या फुलीवर क्लिक करतात. ‘बदल सेव्ह करायचे का’ अशी एक्सेलची खिडकी येते: सेव्ह, डोन्ट सेव्ह, कॅन्सल. तेवढ्यात एक पावती राहिल्याचं आठवतं, म्हणून ते कॅन्सल दाबतात. फाइल समोर उघडीच आहे, पण कंट्रोल+शिफ्ट+पी आता चालत नाही आणि नोंदीत फाइल बंद झाल्याची वेळ पडलेली आहे.

याचं कारण घटनांच्या क्रमात आहे. फुलीवर क्लिक झाल्यावर आधी त्या फाइलीचा वर्कबुक_बिफोरक्लोज चालतो. मग कुठल्या ॲड-इनने (एक्सेलला जोडलेल्या जादा प्रोग्रामने) सगळ्या एक्सेलवर नजर ठेवली असेल, तर त्याचा वर्कबुकबिफोरक्लोज चालतो. त्यानंतर, फाइलीत न जतन केलेले बदल असतील तरच, सेव्हची खिडकी येते. सेव्ह निवडलं तर बिफोरसेव्ह आणि आफ्टरसेव्ह हे इव्हेंट होतात. आणि मग फाइल जाता जाता वर्कबुक_डीॲक्टिव्हेट, म्हणजे फाइल पुढ्यातून हटल्याचा इव्हेंट. कॅन्सलचं बटण या साखळीत तुमच्या कोडनंतर येतं. ते दाबलं गेल्याचं सांगणारा वेगळा इव्हेंट एक्सेलमध्ये नाही. सगळी खटपट त्यामुळेच.

कोड लिहिण्याआधी

हे सगळं विंडोजवरच्या डेस्कटॉप एक्सेलसाठी आहे. ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए, म्हणजे मॅक्रो लिहायची भाषा, चालत नाही. फाइल एक्सएलएसएम प्रकारात जतन करा. एक्सएलएसएक्समध्ये केलीत तर मॅक्रो गळून पडतात. आल्ट+एफ११ दाबून एडिटर उघडा, डावीकडच्या यादीत धिसवर्कबुकवर डबलक्लिक करा. उजव्या बाजूला वर दोन ड्रॉपडाउन दिसतील. डावीकडच्यात वर्कबुक निवडा, उजवीकडच्यात बिफोरक्लोज. पहिली आणि शेवटची ओळ एडिटर स्वतः घालून देतो. ती हाताने टाइप करू नका. नावात एक अक्षर चुकलं तरी एरर येत नाही, इव्हेंट फक्त गप्प राहतो. हा कोड साध्या मॉड्यूलमध्ये लिहिला तरीही तेच होतं, आणि नवशिक्यांची सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच.

खालचा कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. एडिटरमध्ये तो रोमन अक्षरांत, इंग्रजी स्पेलिंगने लिहायचा. एक युक्ती: सगळं लहान लिपीत टाइप करा आणि एंटर दाबा. ओळखीच्या शब्दाचं पहिलं अक्षर एडिटर आपोआप मोठं करतो. झालं नाही, तर स्पेलिंग तपासा.

मराठी संदेशांबद्दलही आत्ताच सांगून टाकू, कारण इथे हमखास डोकेदुखी होते. व्हीबीएचा एडिटर युनिकोड मानत नाही. अवतरणचिन्हांत देवनागरी चिकटवली की तिची प्रश्नचिन्हं होतात. मजकूर एखाद्या सेलमध्ये ठेवून एमएसजीबॉक्सला, म्हणजे संदेशाची खिडकी दाखवणाऱ्या आदेशाला, दिला तरी खिडकीत प्रश्नचिन्हंच दिसतात. मराठीच दाखवायची असेल तर मजकूर सेलमध्ये ठेवा, छोटा यूजरफॉर्म (स्वतः बनवलेली खिडकी) करा आणि त्यातल्या लेबलला तो सेल द्या. तिथे देवनागरी नीट दिसते. तेवढा खटाटोप नको असेल तर रोमन लिपीतली मराठी चालवून घ्या. खालच्या कोडमध्ये तसंच धरलं आहे.

पहिली पद्धत: प्रश्न आपणच विचारायचा

बहुतेकांसाठी ही पद्धत पुरते, आणि नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. एक्सेलचा प्रश्न आपल्या कोडनंतर येतो ही अडचण आहे ना? मग तो प्रश्न आपण कोडच्या सुरुवातीलाच विचारायचा आणि एक्सेलला विचारायला काही शिल्लकच ठेवायचं नाही.

    प्रायव्हेट सब वर्कबुक_बिफोरक्लोज(कॅन्सल ॲज बूलियन)
        डिम उत्तर ॲज लाँग
        इफ नॉट मी.सेव्हड देन
            उत्तर = एमएसजीबॉक्स("बदल सेव्ह करायचे?", व्हीबीयेसनोकॅन्सल)
            इफ उत्तर = व्हीबीकॅन्सल देन
                कॅन्सल = ट्रू
                एक्झिट सब
            एल्सइफ उत्तर = व्हीबीयेस देन
                मी.सेव्ह
                इफ नॉट मी.सेव्हड देन
                    कॅन्सल = ट्रू
                    एक्झिट सब
                एंड इफ
            एल्स
                मी.सेव्हड = ट्रू
            एंड इफ
        एंड इफ
        आवराआवर
    एंड सब

कोडमधला ‘मी’ म्हणजे इंग्रजी एमई, कोड ज्या फाइलीत आहे ती फाइल. मी.सेव्हड ही खूण फॉल्स असेल तर फाइलीत न जतन केलेले बदल आहेत. वापरणाऱ्याने ‘नो’ म्हटलं तर आपण ती खूण स्वतःच ट्रू करतो. त्याने काहीही जतन होत नाही, पण एक्सेलला वाटतं की बदल नाहीतच, म्हणून त्याची खिडकी येत नाही. आवराआवर हा आपला वेगळा सब, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा: त्यात ऑनकी काढणं, वेळ लिहिणं वगैरे.

मी.सेव्हनंतर पुन्हा सेव्हड का तपासायचं? कारण सेव्ह हुकू शकतं. याच फाइलीच्या बिफोरसेव्हमध्ये कोणीतरी सेव्ह अडवणारा कोड लिहिला असेल, तर मी.सेव्ह ही ओळ पार पडते आणि फाइल जतन झालेलीच नसते. फाइल रीड-ओन्ली उघडली असेल तर तिथे वेगळाच अडथळा येतो, म्हणून मी.रीडओन्ली आधी तपासून तसा संदेश देणं बरं.

आवराआवरमध्ये सेलला हात लावू नका. एखाद्या सेलमध्ये ‘बंद केल्याची वेळ’ लिहिलीत तर सेव्हड पुन्हा फॉल्स होतं, एक्सेलची खिडकी तुमच्या मागून येते आणि सगळं मुसळ केरात. सेलमध्ये लिहायचंच असेल तर ते मी.सेव्हच्या आधी. आणि बिफोरक्लोजच्या आत मी.क्लोज लिहू नका. त्याने हाच इव्हेंट पुन्हा सुरू होतो.

पद्धतीच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. पहिली: दुसरा मॅक्रो ही फाइल ‘सेव्ह न करता बंद कर’ असं सांगून बंद करत असेल, तरी बिफोरक्लोज चालतो आणि सेव्हड फॉल्सच असतं. म्हणजे रात्री आपोआप चालणाऱ्या कामात तुमचा प्रश्न पडद्यावर येऊन सकाळपर्यंत उत्तराची वाट बघत बसतो. उपाय बंद करणाऱ्या बाजूने करायचा: क्लोजच्या आधीच्या ओळीत त्या फाइलीचं सेव्हड ट्रू करावं. दुसरी मर्यादा: तुमचा कोड संपल्यावर एखाद्या ॲड-इनने आपल्या इव्हेंटमध्ये कॅन्सल ट्रू केलं, तर फाइल उघडी राहते आणि आवराआवर होऊन गेलेली असते. ज्या कार्यालयात दस्तऐवज व्यवस्थापनाची ॲड-इन्स बसवलेली असतात, तिथे हे होऊ शकतं.

जाता जाता, ‘मी काहीच बदललं नाही तरी सेव्हचं का विचारतो’ या तक्रारीबद्दल. फाइलीत टुडे, नाऊ, रँड, ऑफसेट किंवा इनडायरेक्ट यांपैकी एखादं फंक्शन असेल तर उघडल्याबरोबर गणित पुन्हा होतं आणि सेव्हड फॉल्स होतं. तो तुमच्या कोडचा दोष नाही.

दुसरी पद्धत: खूण ठेवा, डीॲक्टिव्हेटमध्ये तपासा

एक्सेलची मूळ खिडकीच हवी असेल, किंवा ॲड-इनच्या कॅन्सलपासूनही बचाव हवा असेल, तर ही पद्धत. कल्पना अशी: बिफोरक्लोजमध्ये फक्त ‘बंद होतेय’ अशी खूण करायची, काम काहीच नाही. फाइल खरोखर निघाली की डीॲक्टिव्हेट होतो. तिथे खूण दिसली तर आवरायचं.

एवढ्यावर थांबलात तर मात्र जुनाच खड्डा नव्या जागी. वापरणाऱ्याने कॅन्सल दाबलं, खूण तशीच राहिली, आणि दहा मिनिटांनी तो दुसऱ्या फाइलीत गेला. डीॲक्टिव्हेट तेव्हाही होतो. खूण बघून तुमचा कोड समजतो की फाइल बंद झाली. काही जण सेल बदलला की खूण पुसायची असा तोडगा काढतात, पण कॅन्सलनंतर माणूस सरळ दुसऱ्या फाइलीकडे वळला तर तो फसतो. भरवशाचा मार्ग ऑनटाइमचा, म्हणजे एखादा सब ठरल्या वेळी चालवायला लावणाऱ्या आदेशाचा. एक्सेल मोकळं असल्याशिवाय ऑनटाइमचं काम सुरू होत नाही. सेव्हची खिडकी समोर असेतोवर ते रांगेत थांबतं. कॅन्सल दाबलं की एक्सेल मोकळं होतं आणि खूण पुसली जाते. फाइल गेली तर त्याआधी डीॲक्टिव्हेट होतो.

धिसवर्कबुकमध्ये:

    प्रायव्हेट सब वर्कबुक_बिफोरक्लोज(कॅन्सल ॲज बूलियन)
        बंदहोतेय = ट्रू
        ठरलेलीवेळ = नाऊ
        कामाचंनाव = "'" & मी.नेम & "'!खूणपुसा"
        ॲप्लिकेशन.ऑनटाइम ठरलेलीवेळ, कामाचंनाव
    एंड सब

    प्रायव्हेट सब वर्कबुक_डीॲक्टिव्हेट()
        इफ बंदहोतेय देन
            ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट
            ॲप्लिकेशन.ऑनटाइम ठरलेलीवेळ, कामाचंनाव, , फॉल्स
            ऑन एरर गोटू ०
            आवराआवर
        एंड इफ
    एंड सब

साध्या मॉड्यूलमध्ये:

    पब्लिक बंदहोतेय ॲज बूलियन
    पब्लिक ठरलेलीवेळ ॲज डेट
    पब्लिक कामाचंनाव ॲज स्ट्रिंग

    सब खूणपुसा()
        बंदहोतेय = फॉल्स
    एंड सब

डीॲक्टिव्हेटमधली ‘फॉल्स’ असलेली ओळ विसरलात तर भुताटकी बघायला मिळते: बंद केलेली फाइल आपोआप पुन्हा उघडते. ऑनटाइमला दिलेलं काम ज्या फाइलीत आहे ती फाइल, काम करायची वेळ झाली की, एक्सेल स्वतः उघडतं. म्हणून जाण्यापूर्वी ते काम रद्द करणं भाग आहे. रद्द करताना वेळ आणि नाव दोन्ही हुबेहूब तेच लागतात. रद्द करतेवेळी नव्याने नाऊ लिहिलंत तर ती दुसरी वेळ होते आणि रद्द काहीच होत नाही. त्यामुळेच दोन्ही गोष्टी व्हेरिएबलमध्ये जपल्या आहेत. फाइलीच्या नावात एकेरी अवतरणचिन्ह असेल तर तेवढं टाळा, नाहीतर कामाचं नाव बिघडतं.

या पद्धतीची खरी उणीव अशी: डीॲक्टिव्हेट फक्त पुढ्यात असलेल्या फाइलीला मिळतो. दुसऱ्या फाइलीतल्या मॅक्रोने ही फाइल मागच्या मागे बंद केली, किंवा तिची खिडकी लपवलेली असली, तर तो होतच नाही. मग ऑनटाइम रद्द होत नाही आणि वर सांगितलेली भुताटकी सुरू. म्हणून बिफोरक्लोजच्या सुरुवातीला ॲक्टिव्हवर्कबुक आणि मी एकच आहेत का ते तपासा. नसतील तर ऑनटाइम लावू नका, थेट आवरा. तिथे माणूस कॅन्सल दाबायला बसलेला असण्याची शक्यता कमीच.

डीॲक्टिव्हेटमध्ये पोचेपर्यंत सेव्हचा निर्णय होऊन गेलेला असतो. तिथे सेलमध्ये काही लिहिलंत तर ते फाइलीबरोबरच नाहीसं होतं. नोंद बाहेरच्या मजकूर फाइलीत करा.

तिसरी पद्धत: बाहेरून पहारा

एकाच फाइलीवर नाही तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक फाइलीवर लक्ष ठेवायचं असेल, तर कोड त्या फाइलींत असूच नये. तो ॲड-इनमध्ये किंवा पर्सनल.एक्सएलएसबीमध्ये ठेवा, ही फाइल एक्सएलस्टार्ट फोल्डरात असते आणि एक्सेलबरोबर उघडते. तिथे एक क्लास मॉड्यूल घ्या आणि वर लिहा:

    पब्लिक विथइव्हेंट्स ॲप ॲज ॲप्लिकेशन

आता डावीकडच्या ड्रॉपडाउनमध्ये ॲप हे नाव येईल. त्यातला वर्कबुकबिफोरक्लोज निवडा. त्याला बंद होऊ घातलेली फाइल डब्ल्यूबी या नावाने मिळते. आत दोनच कामं: डब्ल्यूबी.नेम एका कलेक्शनमध्ये (कोडमधल्या यादीत) टाकायचं आणि ऑनटाइम नाऊ देऊन तपासणीचा सब रांगेत लावायचा. तपासणीत त्या नावाची फाइल वर्कबुक्सच्या यादीत अजून आहे का ते बघायचं. आहे, तर कॅन्सल झालं. नाही, तर ती खरंच बंद झाली. तपासणीचा कोड ॲड-इनमध्ये असल्यामुळे बंद झालेली फाइल पुन्हा उघडण्याचा धोका इथे नाही, आणि कॅन्सल कोणी केलं, माणसाने की ॲड-इनने, याने काही फरक पडत नाही. तिन्हींत ही पद्धत सर्वांत चोख.

क्लासचा ऑब्जेक्ट पब्लिक व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा आणि ॲड-इन उघडताना त्याचा ॲप जोडा. कोडमध्ये कुठेही नुसता ‘एंड’ हा आदेश चालला, किंवा एरर आल्यावर कोणी एडिटरमध्ये रीसेट दाबलं, की ते व्हेरिएबल रिकामं होतं आणि पहारा निमूटपणे बंद पडतो. शिवाय फाइलीबरोबर सगळं एक्सेलच बंद झालं तर ऑनटाइम चालायला कोणी उरत नाही. म्हणून ॲड-इनच्या स्वतःच्या बिफोरक्लोजमध्ये कलेक्शनात उरलेल्या नावांची नोंद करून टाका.

ऑटो_क्लोज नावाचा जुना मॅक्रो अजून काही फाइलींत सापडतो. दुसऱ्या मॅक्रोने फाइल बंद केली तर तो मुळात चालतच नाही. नव्या कामासाठी तो नको.

इव्हेंट अजिबातच चालत नसेल तर

आधी एडिटरमध्ये कंट्रोल+जी दाबून इमिजिएट विंडो उघडा, तिथे प्रश्नचिन्ह देऊन ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स लिहा आणि एंटर दाबा. फॉल्स आलं तर चोर सापडला. कुठल्या तरी मॅक्रोने इव्हेंट बंद केले, मध्येच एरर आली आणि परत चालू करणारी ओळ राहून गेली. तिथेच ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स = ट्रू लिहून एंटर दाबा. एक्सेल बंद करून उघडलं तरी तो ट्रू होतो. ट्रूच असेल तर मॅक्रो चालू आहेत का ते पाहा. २०२२पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे मेलमधून उतरवलेल्या फाइलीवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकवर खूण करावी लागते.

फाइल न्यू विंडोने दोन खिडक्यांत उघडलेली असेल, तर पहिली फुली नुसती एक खिडकी मिटवते. बिफोरक्लोज शेवटच्या खिडकीला होतो, आणि ते बरोबरच आहे.

चाचणी

चाचणी करताना दुसरी एखादी फाइल उघडी ठेवा, म्हणजे एक्सेल जिवंत राहतं आणि इमिजिएट विंडोही. प्रत्येक इव्हेंटच्या पहिल्या ओळीत डीबग.प्रिंट देऊन इव्हेंटचं नाव आणि नाऊ छापा. मग एका सेलमध्ये काहीतरी बदला आणि हे सगळं करून पाहा: फुली आणि सेव्ह, फुली आणि डोन्ट सेव्ह, फुली, कॅन्सल आणि पुन्हा तेच काम, फुली, कॅन्सल आणि लगेच दुसऱ्या फाइलीत उडी, कंट्रोल+डब्ल्यू, दुसऱ्या फाइलीतल्या मॅक्रोने बंद करणं. दुसऱ्या पद्धतीत सेव्हच्या खिडकीसमोर दहा-पंधरा सेकंद थांबून मग डोन्ट सेव्ह दाबा आणि मिनिटभर वाट बघा. फाइल परत उघडली तर रद्द करण्याच्या ओळीतली वेळ किंवा नाव जुळत नाही.

वीज गेली, एक्सेल कोसळलं किंवा कोणी टास्क मॅनेजरमधून ते संपवलं, तर वरचा एकही इव्हेंट होत नाही. त्यासाठी उलटा हिशेब ठेवायचा. फाइल उघडताना एक छोटी मजकूर फाइल तयार करा आणि खऱ्या बंद होण्याच्या जागी ती किल या आदेशाने पुसा. पुढच्या वेळी उघडताना ती आधीपासूनच पडलेली दिसली, तर मागची खेप नीट संपली नव्हती. ही खुणेची फाइल एनव्हायरॉन("टेम्प") या फोल्डरात ठेवा. धिसवर्कबुक.पाथवर विसंबू नका. वनड्राइव्हवरच्या फाइलीसाठी तिथे फोल्डरऐवजी वेबचा पत्ता मिळतो आणि ओपन आदेश एरर देतो. नावही रोमन अक्षरांतच द्या, कारण व्हीबीएच्या ओपनला देवनागरी नावाची फाइल सापडत नाही, आणि प्रिंटने लिहिलेल्या देवनागरीची तिथेही प्रश्नचिन्हंच होतात.